खर्ड्याची दुसरी लढाई

आयुष्यात मी हातात धरलेलं सर्वांत घातक शस्त्र म्हणजे लाल शाईचं पेन. तरीही चकमकीच्या बंदुकीवर मी तासभर बोलू शकतो. निवृत्त इतिहास-शिक्षकाचं हेच दुखणं. बोलायला येतं सगळं, ऐकायला वर्ग नसतो. यंदा गंगाखेडातलं आमच्या गल्लीचं गणेश मंडळ माझ्या तावडीत सापडलं.

मंडळाला जिवंत देखावा करायचा होता. विषय मीच सुचवला : खर्ड्याची लढाई, ११ मार्च १७९५. सगळे मोठे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढले ती शेवटची लढाई. निजामाकडे रेमाँ नावाचा फ्रेंच, शिंद्यांकडे पेराँ नावाचा फ्रेंच, आणि दोन्हीकडे कवायती पायदळ. मंडळानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, निजामाकडून कोण लढणार? कुणीच तयार होईना. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो, असं मी समजावून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणूनच नको, सर." शेवटी ज्या घरांनी वर्गणी दिली नव्हती, त्या घरांतली पोरं निजामाच्या फौजेत भरती केली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बंदुका थर्माकोलच्या आणि आवाज स्पीकरवरून, हे ऐकून मला राहवेना. म्हटलं, ही तोड्याची बंदूक नव्हे. हिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा झेपावतो, गार पोलादी पाटीला खरवडत जाते, पाटी पुढं उलटते, खालचा कान, म्हणजे दारूची वाटी, उघडा पडतो आणि त्यातल्या रंजकेवर ठिणग्या पडतात. नळी तुम्ही पीव्हीसीची लावा, दारू तर नकोच. पण निदान सेनापतीच्या बंदुकीची ठिणगी खरी असू द्या!

"मग तेवढं सरांकडं," अध्यक्ष म्हणाले आणि पुढचा विषय मांडवभाड्याचा निघाला.

घोडा-पाटीचं यंत्र फाटकं-खिडक्या करणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं करायला घेतलं. स्प्रिंग भंगारातल्या मोपेडच्या स्टँडची. त्याला मी अर्धा तास उभा करून व्याख्यान दिलं. त्यानं वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. तो प्रकाशासाठी नसावा.

गार मात्र मीच निवडणार होतो. बंदुकीची नामांकित गार म्हणजे इंग्लंडात सफोकमधल्या ब्रँडनची काळी, नाहीतर फ्रान्समधली मधाच्या रंगाची. दोन्ही खडूच्या थरांत सापडतात. आपला दख्खन लाव्हाचा, इथं खडूचे थर कुठून येणार? पण काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचेच कॅल्सेडनी, अकीक, जास्पर तयार होतात आणि गोदावरी ते घासूनपुसून दारात आणून टाकते. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५४ साली उत्खनन सुरू केलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची कॅल्सेडनीची पाती निघाली. त्यांना जमलं ते मला का जमू नये? मी तर बी.एड.

पावसानं ओढ दिली होती, पात्र उघडं पडलं होतं. डोक्यावर टोपी, हातात वही, काखेत पिशवी अशा थाटात मी नदीत उतरलो, तर समोरचे वाळूचे दोन ट्रॅक्टर रिकामेच माघारी पळाले. थोड्या वेळानं मोटारसायकलवर एक पोरगा आला.

"साहेब, काय शोधायलात?"

"काही नाही रे. मला फक्त गार पाहिजे."

तो निमूट गेला आणि बाजारातून थंड पेयाची बाटली घेऊन आला. वर म्हणाला, "बाकीचं मालक येऊन बोलतील." बाटली मी प्यालो. मालक यायच्या आत पिशवी भरून काठ गाठला.

घरी गच्चीवर दगड फोडायला बसलो. पांढरी गारगोटी दिसायला देखणी, पण फुटली की मिठासारखे खडे होतात, ती बाद. आत भेगा, खळगे, स्फटिकांची पोकळी असेल तो दगडही बाद. मेणचट चकाकीचा आणि कड उजेडात धरली तर उजेड आरपार दिसेल असा दगड हवा. त्याची कपची शिंपल्यासारखी निघते आणि धार पात्यासारखी येते. हे सगळं मी बायकोला उत्साहानं सांगितलं. त्या भरात ब्रँडनचे गार घडवणारे कारागीर दगडाची धूळ छातीत जाऊन मरत, हेही सांगून बसलो. तिनं माझ्या तोंडाला ओढणी बांधली, हातातला खलबत्त्याचा बत्ता काढून घेतला, आणि मग आमच्यात जी चकमक झडली तीच त्या घरातली पहिली.

तुकडा घोड्याच्या जबड्यात नुसता आवळला तर तडकतो, म्हणून जुन्या पाकिटाच्या चामड्यात गुंडाळला. धार पाटीला समांतर, घोडा अर्धा चढवला तर मध्ये जेमतेम नखाएवढी फट. सगळं शास्त्रशुद्ध. चाप ओढला. खट्. ठिणगी नाही. हवा दमट आहे, असं मी फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं.

देखाव्याच्या दिवशीही हवा दमटच निघाली. सेनापतीनं नेम धरला, खट्. पुन्हा खट्. समोरचा निजामी शिपाई जरा थांबला आणि स्पीकरवर आवाज झाल्यावर सोयीनं मेला. बंदोबस्तावरचा हवालदार आधी परवान्याची चौकशी करत होता, आता तोच म्हणाला, "सर, माचिस देऊ का?"

गर्दीतून एक धनगर आजोबा पुढं आले. कमरेच्या चंचीत त्यांची स्वतःची चकमक होती : गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस. त्यांनी आमच्या पाटीवरून बोट फिरवून वास घेतला.

"त्याल लावलंय व्हय हिला? आन् हे तर गेटाचं लोखंड हाय. ह्येच्यातनं काय ठिणगी निघंल?"

ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. गार फक्त त्याचा कीस काढते, तो कीस हवेत पेटतो. मऊ लोखंड ओरखडा घेऊन स्वस्थ बसतं. हे मला पाठ होतं. त्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचा पहिला मुद्दाच तो होता. पाटी कशाची केलीस, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी जुन्या कानशीचा तुकडा पाटीला रिव्हेट करवला, तेल पुसलं, आणि माझी गार जबड्यात उलटी करून बसवली. चाप ओढताच ठिणग्यांची फुलबाजी उडाली. टाळ्या पडल्या, मी हात जोडले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. दगड, पोलाद आणि तिसरा कापूस. तो आम्ही निजामाच्या हनुवटीला डिंकानं चिकटवला होता. दाढी धुमसायला लागली. निजामानं ती उपटून पेशव्याच्या अंगावर फेकली. खर्ड्याच्या इतिहासात न घडलेला हा प्रसंग प्रेक्षकांना सर्वांत आवडला आणि रोज करा म्हणून आग्रह झाला.

तेव्हापासून गारेची देखभाल आजोबांकडं गेली. वीस-तीस बारांत धार बोथट होते, मग ते खिळ्याच्या टोकानं हलकेच कपचे उडवून ती पुन्हा पाजळायचे, फडक्यानं पाटी कोरडी करायचे. मला दाढीजवळ पाण्याची बादली घेऊन उभं केलं होतं.

विसर्जनाच्या रात्री पुढच्या वर्षी तोफ करायचं ठरलं. फॅब्रिकेशनवाल्याला आत्तापासून ट्रॅक्टरची स्प्रिंग बघून ठेवायला सांगितलंय. तोफेला स्प्रिंग लागत नाही. पण मला अजून कुणी विचारलेलं नाही.