बंदुकीची मागची बाजू

बंदुकीचं सगळं कौतुक तिच्या तोंडाचं. शत्रू त्याला भितो, चित्रकार ते रंगवतो, सिनेमातला नायक त्यावर ऐटीत फुंकर घालतो. तिच्या मागच्या टोकाची चौकशी करायला कुणाला सवड नसते. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी, गोळी सगळं तोंडातूनच भरायचं आणि गजाने ठासायचं, म्हणजे नळी मागून पक्की बंद हवी. ती बंद करतं बोटाच्या पेराएवढं, आटे पाडलेलं एक लोखंडी बूच. पेटलेल्या दारूला दोन्ही वाटा सारख्याच. पुढे गोळी आहे आणि मागे बंदूकवाल्याचा डोळा, हा भेद तिच्या गावी नसतो. तो बुचाने लक्षात ठेवायचा.

असली बुचं आजही घरोघरच्या शेडमध्ये जन्माला येतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका खेड्यात ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीचे मेळे भरतात. खेड्याचं नाव फ्रेंडशिप, आणि त्यावर तिथे कुणी हसत असेल असं वाटत नाही. या छंदातल्या माणसांना वेळेचं भान नसतं. बुचाचं टोक नळीतल्या खाचेला सगळीकडून टेकलं पाहिजे, कारण फट राहिली की दारूची राख तिथे साचते, ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून बुचाला दिव्याची काजळी फासायची, ते पिळून बसवायचं, पुन्हा काढायचं आणि काजळी कुठे पुसली गेली ते पाहून तिथे कानस फिरवायची. दातांचे डॉक्टर निळा कागद चावायला देऊन उंच राहिलेला दात शोधतात, तसंच हे. त्यात बुचाला मागे एक शेपटी असते. शेवटचा पीळ बसताना ती नळीच्या माथ्याशी बरोबर एका रेषेत यायला हवी. केसभर अलीकडे थांबली तर पुन्हा काजळी, पुन्हा कानस. अशाने अख्खी दुपार जाते, आणि माणूस काळं नाक घेऊन प्रसन्न चेहऱ्याने चहाला येतो. एवढं करून बूच एकदा बसलं की लाकडी दस्त्यात दडून जातं. जगात इतक्या निगुतीने केलेलं आणि इतकं न दिसणारं काम मला तरी दुसरं आठवत नाही.

हे बूच काय चीज आहे, ते जपानला 1543 साली कळलं. वादळात भरकटलेल्या एका चिनी गलबतातून काही पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. बेटाचा धनी तोकिताका जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. त्या वयात जे व्हायचं तेच झालं. किमतीकडे न बघता त्याने दोन बंदुका विकत घेतल्या आणि याइता किन्बेई या तलवारी घडवणाऱ्या लोहाराला सांगितलं, अश्शाच कर. किन्बेईने नळी घडवली. पोलादाच्या घड्या घालणाऱ्या हाताला नळीचं काय! अडलं ते मागे. तलवारीची मूठ बांबूच्या खुंटीने पक्की करणारा तो देश, तिथे आट्यांचा पेच कुणी पाहिलाच नव्हता. बुचावरचे आटे निदान दिसत तरी होते. नळीच्या आत तसेच आटे पाडायचे कसे, हे काही केल्या उमगेना.

(आज त्याच बेटावरून जपान रॉकेटं सोडतो. त्यांची मागची बाजू सताड उघडी असते आणि सगळं बळ तिथूनच येतं. किन्बेईला हे कुणी सांगितलं असतं, तर त्याने हातातला हातोडा समुद्रात फेकला असता.)

1606 साली लिहिलेली तिथली बखर एवढंच सांगते, की दुसऱ्या वर्षी आलेल्या परदेशी जहाजावर एक लोहार होता आणि त्याच्याकडून किन्बेई ही विद्या शिकला. लोकांचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. दंतकथा म्हणते, विद्येच्या बदल्यात किन्बेईने आपली लेक वाकासा एका पोर्तुगिजाला दिली. ती जहाजातून गेली, वर्षभराने त्याच जहाजातून परत आली, आणि माहेरच्यांनी ती आजारी पडून वारल्याचा बहाणा करून, खोटी अंत्ययात्रा काढून तिला ठेवून घेतलं. एका पेचातून सुटण्यासाठी बापाने केवढे पेच घातले! बेटावर तिचं स्मारक आहे. ते बुचाचं नाही, मुलीचं आहे, हे मला फार बरं वाटतं. जपानी बंदुकांचा चाप गोवा-मलाक्क्याकडच्या बंदुकांच्या वळणाचा आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा ते मूळचे आटे आपल्याच कोकणपट्टीतल्या एखाद्या लोहाराने पाडले असतील का, असं उगाच मनात येतं. त्याला त्यासाठी दिवसाच्या मेहनतीपलीकडे काही मोजावं लागलं नसेल.

बिवा सरोवराकाठच्या कुनितोमो गावात याच विद्येची दुसरी गोष्ट सांगतात. तिथला जिरोसुके नावाचा लोहार एकदा पातं तुटलेल्या चाकूने मुळा कोरत बसला होता. पात्याचा जिथे टवका उडाला होता त्या जागेने मुळ्याच्या आत फिरत फिरत एक वाट पाडली, आणि त्या पांढऱ्या, ओलसर भोकात डोकावताना त्याला आतल्या आट्यांचं मर्म कळलं. मुळा तर किन्बेईच्याही घरी असणार. नसेल कशाने? चाकूही कुठेतरी तुटलेला असेलच. ही गोष्ट खरी मानायला मुळ्याखेरीज पुरावा नाही, हे मी जाणतो. पण तिच्यात कुणाची लेक खर्ची पडत नाही, म्हणून मी आपला मुळ्याच्या बाजूने.