सिगारेट सोडून रीतसर उदास कसे व्हावे

सिगारेट कशी सोडावी याविषयी आजवर पुष्कळ मार्गदर्शन झाले आहे. सोडल्यानंतर उदास कसे राहावे, याबद्दल मात्र कोणी चार शब्द सांगत नाही. त्यामुळे होते असे, की गिरगावपासून लालबागपर्यंतचे कित्येक होतकरू त्यागी गुढीपाडव्याला सिगारेट सोडतात, तिसऱ्या दिवशी घरच्यांवर खेकसतात, चौथ्या दिवशी ‘आपल्या प्रकृतीलाच हे मानवत नाही’ असा निष्कर्ष काढतात आणि पाचव्या दिवशी टपरीच्या खांबाला सुतळीने बांधलेला तो लायटर पुन्हा हातात घेतात. यात त्यागात काही खोट नसते. उदासीची पूर्वतयारी नसते, इतकेच. प्रस्तुत मार्गदर्शन ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. त्याचे म्हणणे असे, की सोडल्यावर येणारी उदासी सिगारेट नसल्याची नव्हे, आजवर ओढल्याची असते, आणि तलफ ही बरीचशी टपरी उघडी असल्यामुळे येते. दोन्ही आपापल्या वेळेला येतात आणि आपापल्या वेळेला जातात. आपण मध्ये लुडबुड करू नये.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की या मार्गदर्शनात फुप्फुसाचे चित्र नाही. भीती घालून या भागातला माणूस सुधारला असता, तर परळ केव्हाच धूरमुक्त झाले असते. टाटा स्मारक रुग्णालय तिथे १९४१ पासून उभे आहे. पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापण्याचा नियम २०१६ मध्ये लागू झाला, तेव्हा सराईतांनी पाकिटाकडे न बघता सिगारेट काढण्याची कला आत्मसात केली. शिवाय घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा सुचते ते सिगारेट पेटवायचे. तेव्हा भीतीचा विषय इथेच संपला.

आता उदासीचे मूळ. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रात्री अकराला शेवटची ओढून झोपलेला गृहस्थ सकाळी सातला उठतो तेव्हा ते सोळाव्या हिश्श्यावर आलेले असते, म्हणजे जागा होताना तो टंचाईतच जागा होतो. सकाळची पहिली सिगारेट सगळ्यांत गोड लागते ती यामुळे. गोडी तिची नसते, रात्रभर साचलेल्या टंचाईची असते. जुन्या गिरणगावात पगाराच्या दिवशी फाटकावर सावकार उभा असे. तो कालचे व्याज चुकवायला आज नवे कर्ज देई आणि अडलेल्या कामगाराला तोच आपला तारणहार वाटे. सिगारेटचा व्यवहार नेमका हा आहे. ‘एक ओढली आणि टेन्शन गेले’ या वाक्यातले टेन्शन बहुतेक वेळा आधीच्या सिगारेटनेच आणलेले असते. सोडल्यावर नवे कर्ज थांबते, वसुली मात्र काही काळ चालू राहते: पहिले तीन दिवस जोरात, पुढचा आठवडा कुरकुरत, आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत ती ओसरते. चिडचिड, चाळवलेली झोप, कामात मन न लागणे, उगाच डोळ्यांत पाणी येणे, ही सगळी त्या वसुलीचीच माणसे. त्यांना दार उघडावे, बसू द्यावे, त्यांच्या सांगण्यावरून कसलीही सही मात्र करू नये.

यावर अनुभवी मंडळी हरकत घेतात, की पुस्तकी बोलणे सोडा, सिगारेटने मन शांत होते हे आम्हाला ठाऊक आहे. ते खोटे बोलत नाहीत. पाच मिनिटांचा हिशेब केला तर शांत होतेच. हिशेब काही महिन्यांचा केला की उत्तर उलटे येते. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात दिसले, आणि आधीपासून मानसिक आजार असलेलेही त्याला अपवाद नव्हते. २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेने १०२ अभ्यास तपासले, तेव्हाही कल तोच राहिला. इथे चाणाक्ष वाचक विचारील, की ज्यांचे आयुष्य आधीच सुधारत होते त्यांनाच सोडणे जमले नसेल कशावरून? शंका रास्त आहे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना ‘तुम्ही ओढत राहा’ असे सांगता येत नाही, म्हणून शंभर टक्के पुरावा या प्रकरणात मिळणे कठीण. पण शंकेचा सगळा फायदा सिगारेटला दिला, तरी ‘सोडले तर मी कायमचा उदास होईन’ या दाव्याच्या बाजूने एवढ्या कागदांत काही सापडत नाही, हे उरतेच.

आता तलफ. तलफ म्हणजे शरीराचा आक्रोश, अशी समजूत आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये सिगारेट ओढणाऱ्या विमानसेवकांना प्रवासात वेळोवेळी विचारले, की आत्ता किती तलफ आली आहे? काही उड्डाणे तीन ते साडेपाच तासांची होती, काही आठ ते तेरा तासांची. शरीराच्या नियमाने तलफ घड्याळाप्रमाणे वाढायला हवी होती. प्रत्यक्षात लहान प्रवास संपत आला तेव्हा तलफ उफाळली. लांबच्या प्रवासात तेवढ्याच तासांना तीच माणसे बरीच निवांत होती. तलफ घड्याळाकडे नव्हे, विमान उतरण्याकडे बघत होती. हे कळायला विमानात बसण्याची गरज नाही. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभा राहणारा पट्टीचा फुंक्या सिगारेटवाचून कोसळल्याचे कोणी पाहिलेले नाही, आणि तोच माणूस रांगेतून बाहेर पडल्यावर दहा पावले चालेपर्यंत कासावीस होतो. श्रावण पाळणाऱ्याला श्रावणात मासळीचा वास छळत नाही. छळतो तो ‘या वर्षी श्रावण पाळावा की नाही’ अशा विचारात असलेल्याला.

यावरून निघणारी मुख्य सूचना अशी, की ‘बघू’ हा शब्द घरातून हद्दपार करावा. कपाटात ‘अडीअडचणीला’ ठेवलेले पाकीट ही उघडी ठेवलेली खिडकी आहे. ‘कमी करतो’ ही दुसरी. सुट्या सिगारेटची सोय तिसरी. महाराष्ट्र सरकारने सुट्या सिगारेटच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली असली, तरी ती बंदी टपरीपर्यंत चालत यायला अजून निघालेली दिसत नाही. एका सिगारेटने काय होते, असे विचारणाऱ्याने गडकऱ्यांचे नाटक आठवावे. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकराच्या हाती पहिला प्याला येतो तो आनंदाच्या भरात नव्हे; वकिलीची सनद रद्द होऊन, अपमान होऊन तो खचलेला असताना, मन हलके करण्याचा उपाय म्हणून येतो. तो प्याला पुढे करणारा तळीराम नेहमी उदासीच्या वेळीच येतो आणि तो नेहमी मित्रच असतो. सोडल्याची घोषणाही यासाठीच चाळीच्या गॅलरीत, मोठ्या आवाजात करावी. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंना कळले, की कोपऱ्यावर उभे राहून चोरून ओढण्याची शक्यता कायमची संपते, आणि शक्यता संपली की तलफेचा अर्धा जीव जातो.

उदास होण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. गिरगाव चौपाटीवर सूर्यास्ताच्या वेळी एकट्याने बसणे पहिल्या पंधरवड्यात वर्ज्य. तिथे उदासीला पार्श्वभूमी मिळते आणि ती मुक्कामाला राहते. त्याऐवजी शिवाजी पार्कला फेरी मारावी. तलफेची एकेक लाट साधारण काही मिनिटांचीच असते, आणि झपझप चालण्याने ती उतरते हे तपासून पाहिलेले आहे; फेरी पुरी होईपर्यंत बहुतेक वेळा काम झालेले असते. चालताना चेहरा पडलेला ठेवण्यास हरकत नाही. नोकरदारांनी ऑफिसातली ‘जरा खाली जाऊन येतो’ ही प्रथा मुळीच सोडू नये. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतून दर दोन तासांनी खाली उतरणाऱ्याला जे बरे वाटते, त्यात निदान थोडा वाटा उन्हाचा, गप्पांचा आणि साहेबापासून मिळालेल्या पाच मिनिटांचा असतो. न ओढणाऱ्यांना ही सुट्टी सहसा कोणी देत नाही. ती कष्टाने मिळवलेली सवलत आहे. सिगारेट गेली म्हणून तिच्यावर पाणी सोडण्याचे कारण नाही.

चहाच्या बाबतीत मात्र कडक राहावे लागेल, आणि इथेच भलेभले फसतात. सिगारेट सोडलेला माणूस हाताला चाळा म्हणून दोन कटिंगच्या जागी चार घेतो. धुरातल्या काही घटकांमुळे ओढणाऱ्याचे यकृत कॅफीनचा निकाल झपाट्याने लावत असते. धूर थांबला की हा वेग उतरतो, आणि नेहमीइतक्याच चहातले कॅफीन रक्तात जास्त वेळ रेंगाळते. परिणामी छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, आणि हा सगळा दोष बिचाऱ्या सिगारेटच्या विरहावर टाकला जातो. पहिले काही आठवडे चहा निम्म्यावर आणावा. हे ऐकून सिगारेट सोडणे सोपे वाटू लागले, तर तोही एक फायदाच समजावा.

केमिस्टकडे दोन मिलिग्रॅमची निकोटिनची गोळी मिळते, जिला ‘गम’ म्हणतात. ती खाण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक नसते. ती पोरांच्या च्युइंगमसारखी चघळत सुटायची नाही. सावकाश थोडी चावावी, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सारून गप्प बसावे. चुणचुण गेली की पुन्हा थोडी चावावी. गालात तंबाखूचा बार धरणारे वडीलधारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जास्त समजावण्याची गरज नाही. मात्र आधीची पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना कॉफी, लिंबू सरबत, कोकम घेऊ नये. आंबटपणाने निकोटिन तोंडातून नीट शोषले जात नाही, आणि मग ‘गोळीत काही दम नाही’ अशी अफवा पसरते. ‘म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे’ ही हरकत तर्काला धरून आहे, पण गोळीतून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येत नाही, तिचा अंमल हळू चढतो आणि ती काही आठवड्यांत कमी करत बंद करायची असते. दिवसाला किती घ्यायच्या आणि जोडीला दुसरे औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

एक पळवाट खास महाराष्ट्राची आहे: सिगारेट सोडून तंबाखू मळणे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे. धुराच्या आघाडीवर आपण देशाला तोंड दाखवण्याजोगे आहोत ते तोंडात दुसरे काही धरले असल्यामुळे. टाटा रुग्णालय या अदलाबदलीला सोडणे मानत नाही, हे मार्गदर्शनही मानत नाही. वजन वाढते, ही हरकत मात्र खरी. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढल्याचे दिसते. भूक परत येते, चव परत येते, आणि दादरला राहणाऱ्या माणसाला चव परत येणे परवडणारे नाही. पँट सैल करून घ्यावी.

एवढ्या एका ठिकाणी विनोद बाजूला. महिना उलटला तरी मन उठत नसेल, किंवा उदासी सिगारेट सोडण्याच्या आधीपासूनची असेल, तर ती या वेळापत्रकात बसत नाही. तिच्यासाठी केईएमसारख्या रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. जगू नये असे वाटू लागले, तर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

राहता राहिला मुहूर्त. जगरहाटीप्रमाणे सगळे ‘सोमवारपासून’ सोडतात. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांचा मोफत क्रमांक २०१६ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारीच ठरली. म्हणजे देशभरचे संकल्प ज्या दिवशी सुरू होतात आणि बरेचसे संपतातही, नेमका तो दिवस. म्हणून मंगळवार धरावा. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत पहिले काही तास आपोआप निघतात. बुधवार-गुरुवार सर्वांत वाईट. या दोन दिवसांत राजीनामा देऊ नये, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला जाऊ नये, सासरी फोन करू नये. शुक्रवारी थोडा दम येतो. शनिवारी माणूस आपल्यावरच खूश असतो, तेव्हा मित्रांना भेटू नये. रविवारी मटण जेवून उठल्यावर येणारी तलफ सगळ्यांत हट्टी, पण रविवारी तो फोन चालू असतो.