हात आवरा : नाशिककरांसाठी ऑर्किडपालन

ऑर्किड विकत आणू नये, ते भेट यावे. विकत आणलेले वाळले तर पैसे बुडाले म्हणतात. भेट आलेले वाळले तर त्याचे आयुष्यच तेवढे होते. त्यासाठी गृहप्रवेश, साठी किंवा मुलाची परदेशी नोकरी असे एखादे निमित्त काढावे. बाकीचे पाहुणे भिंतीवरची घड्याळे आणतील. कॉलेज रोडकडची एक तरी मावशी पारदर्शक कागदात गुंडाळलेली जांभळी फुले घेऊन येतेच.

आता ते रोप पुढच्या माणसांपासून वाचवायचे आहे. कीड, बुरशी यांचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिला धक्का आईला बसतो. ती कागद सोडते, कुंडीत वाकून बघते आणि विचारते, "माती कुठंय?" माती नसते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, झाडाची साल, एवढेच असते. "अति तिथे माती" ही म्हण ऑर्किडच्या बाबतीत उलटी लावावी: माती घातली की अति झालेच. हे घरातल्या प्रत्येकाकडून तीनदा म्हणवून घ्यावे. आमच्याकडे घेतले नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीतली दोन मुठी माती इकडे आली. "बिचारं उघडं पडलं होतं," आई म्हणाली.

या प्रसंगी थोडे शास्त्र सांगावे, म्हणजे घरात वजन पडते. हे बहुतेक ऑर्किड जंगलात झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर बसून वाढतात. मात्र ते बांडगूळ नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस पिते. ऑर्किड नुसते बसायला जागा मागते आणि पावसावर, हवेवर, साचलेल्या पालापाचोळ्यावर भागवते. मराठीत याला आमरी म्हणतात. आपल्या सह्याद्रीत पावसाच्या तोंडाशी झाडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबतात, त्यांचे नाव सीतेची वेणी. पंचवटीच्या गावात राहून हे माहीत नसणे बरे दिसत नाही. "ऑर्किड" या शब्दाचा उगम मात्र ग्रीक आहे आणि तो आईला सांगण्यासारखा नाही. शब्दकोशात एकट्याने पाहावा.

"खातात का हे?" असा प्रश्न येतोच. व्हॅनिला म्हणावे. ती ऑर्किडचीच शेंग आहे, हे कळल्यावर रोपाला घरात थोडा मान मिळतो.

शास्त्र फार चढले तर कोणीतरी इगतपुरी-त्र्यंबककडून फांदीसकट सीतेची वेणी उतरवून आणायचा बेत करतो. त्याला तिथेच थांबवावे. रानातल्या एकूण एक ऑर्किडच्या देशोदेशींच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत आणि रानातले रोप तुमच्या ग्रिलवर टिकतही नाही. त्याला पाहायचे असेल तर डोंगरावर जावे, नाहीतर सांतापाव आणि कपाडिया यांचा 1966 सालचा "द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे" हा ग्रंथ शोधावा. नावातले बॉम्बे म्हणजे शहर नव्हे, जुना मुंबई प्रांत. म्हणजे आपणही त्यात आलो.

मावशीने दिलेले रोप फॅलेनॉप्सिस जातीचे असते. ते प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढलेले असते. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अंकुराला पुरेल अशी शिदोरीच नसते. रानात ती एक बुरशी पुरवते. 1922 साली नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या आगरवर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले, म्हणून आज ते आपल्या टीपॉयवर आहे. थोडक्यात, हॉस्टेलवर वाढलेले मूल आहे. त्याला घरच्या मायेची सवय नाही.

आणि आमच्याकडे माया पाण्याच्या रूपात वाहते.

आई तुळशीला घालून उरलेले तांब्यातले पाणी ऑर्किडला घालते. कन्या शाळेतून आली की बाटलीतले उरलेले घालते. सौ. "कोणी घातलं नसेल" म्हणून घालते. मी सगळे झोपल्यावर घालतो. बाहेरच्या चिनी मातीच्या भांड्याला भोक नसते, त्यामुळे आतल्या कुंडीखाली छोटे गंगापूर धरण तयार होते आणि मुळे कुजतात. ऑर्किडला आवर्तन द्यावे लागते, हे धरणाच्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. साधारण आठवड्यातून एकदा आतली कुंडी नळाखाली धरावी, पाणी खालून वाहू द्यावे, पंधरा मिनिटे निथळू द्यावी आणि मग भांड्यात ठेवावी. मे महिन्यात तीन-चार दिवसांनी, थंडीत दहा दिवसांनी.

तहान ओळखायची कशी? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. ऑर्किडचे मूळ मात्र रोज विचारावे. आतली कुंडी पारदर्शक असते ती त्यासाठीच. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पाणी भरले की ते हिरवे दिसते, सुकले की चंदेरी. चंदेरी झाल्याशिवाय तांब्याला हात लावायचा नाही. काही मुळे कुंडीबाहेर येऊन हवेत चाचपडतात. ती तशीच राहू द्यावीत. आईने ती पोरांच्या शर्टासारखी आत खोचली, त्यात दोन मोडली.

शेवटी मी फ्रिजवर पाण्याचा तक्ता लावला. पहिल्या आठवड्याची नोंद अशी: "सोमवार: नाही. मंगळवार: नाही. बुधवार: नाही (थोडंसं). गुरुवार: आजीने घातलं, मी पाहिलं. शुक्रवार: मी नाही घातलं, खोटं आहे." तक्त्याचा उपयोग नाही, तांब्या लपवावा.

जागा पूर्वेच्या खिडकीची. उजेड भरपूर, पण दुपारचे ऊन अंगावर नको. पाने गडद काळपट हिरवी झाली तर उजेड कमी आहे, पिवळट पडली तर जास्त. मेमध्ये नाशिकची हवा पापड वाळवण्याच्या लायकीची होते. तेव्हा ताटात खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवावी, बूड मात्र पाण्याला लागू देऊ नये. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात पाणी साचले तर कापसाने टिपून घ्यावे, नाहीतर रोप गाभ्यातून सडते.

आता सल्लागार. नाशिक जिल्ह्यात प्रत्येक घराला द्राक्षबागेतला एक नातेवाईक असतो. आमचे मामा दिंडोरीकडचे. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते मेमध्ये आले, तेव्हा शेवटचे फूल गळून नुसता दांडा उरला होता. मामांनी चष्मा लावला.

"डावणी नाही ना?"

"नाही मामा, फुलं संपली."

"मग काडी का ठेवलीस? जीएचं पाणी दाखवायचं का?"

डावणी हा द्राक्षवेलीचा रोग, जीए हे मणी फुगवायचे संजीवक. इथे वाचकाने धीर धरावा. द्राक्षाच्या माणसाला हाकलू नये. पानामागे कापसासारखे पांढरे ठिपके मला आठवडाभर धूळ वाटत होते. मामांनी एका नजरेत मिलीबग ओळखला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला लावला. मग म्हणाले, "कात्री आण. आधी पुसून घे, रोग कात्रीतूनच जातो." दांडा बोटांत धरून ते खालून पेरे चाचपू लागले. ऑक्टोबर छाटणीला डोळे मोजून काडी कापायची चाळीस वर्षांची सवय. "हा एक डोळा. हा दुसरा." दुसऱ्याच्या वर बोटभर जागा सोडून कट्. पुढे मी पुस्तकात पाहिले: रोप सशक्त असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याच्या वरच कापायचे असते. मी हे मामांना कळवलेले नाही.

पावसाळाभर त्या डोळ्यांतून काही फुटले नाही. दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला की बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात; आपण ऑर्किड खिडकीतून आत घ्यावे. फार आत मात्र नको. काही आठवडे गार रात्री लागल्याशिवाय फॅलेनॉप्सिस दांडा टाकत नाही.

डिसेंबरात पानाच्या बेचक्यातून हिरवे टोक डोकावले. मूळ की दांडा? मुळाचे टोक गोल, गुळगुळीत, तुकतुकीत असते. दांड्याचे जरा चपटे, मिटलेल्या मुठीत अंगठा दिसावा तसे. घरात दोन तट पडले. आई म्हणाली दांडा, सौ. म्हणाली मूळ, कन्येने भिंग आणले. तीन आठवडे टोक इंचभर सरकले आणि निकाल लागेना. संक्रांतीला मामा आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"माल आहे," ते म्हणाले.

आणि लगेच वळून आईला, "ताई, आता जरा पाणी वाढव."

तांब्या सध्या माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे आहे.