जमीन जागची हलते तेव्हा

आमच्या ताडकळसची माणसं जीप ठरवून लोणार पाहायला जातात. आकाशातून अशनी पडून एवढं मोठं विवर झालं म्हटल्यावर जायलाच पाहिजे. आमच्या शिवारात दर उन्हाळ्यात जमीन फाटते आणि पावसाळ्यात आपोआप शिवली जाते, ते पाहायला मात्र कुणी येत नाही. परगावचा माणूस आला तर सोयरिकीसाठी, आणि तोही चिखल टाळून.

हा सगळा प्रताप काळ्या मातीचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थिजून बेसॉल्ट झाला आणि तो झिजून ही माती झाली. एवढा खटाटोप माझ्या चपलेचा अंगठा तुटावा म्हणूनच झाला, अशी शंका मला पहिल्या पावसात दरवर्षी येते. चार सऱ्या ओलांडल्या की चपलेखाली मातीचे थर चढतात आणि बुटका माणूसही रुबाबदार दिसू लागतो.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. पंगतीत उशिरा आलेला पाहुणा दोघांच्या मधे बसकण मारतो आणि अख्खी ओळ सरकते, तसं पाणी दोन पापुद्र्यांत शिरतं आणि जमीन फुगते. उन्हाळ्यात पाणी उडालं की ती आक्रसते, मग भेगा.

एकदा मेमध्ये कमरेएवढी पऱ्हाटी भेगेत सोडली. शेंड्यासकट गेली. मी वाकून कान लावला, तर बांधावरून एक आबा ओरडले, "काय पडलं हो तुमचं?"

"काही नाही आबा, खोली बघतोय."

"बघा, बघा. मागल्या साली आमचं खुरपं गेलंय. तळ लागला तर सांगा."

खुरपं वर येणारच नाही असं नाही. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पाऊस झाला की सगळं फुगतं, जागा पुरेनाशी होते आणि आतली माती वर ढकलली जाते. जमीन स्वतःची नांगरट स्वतः करते. ना डिझेल, ना ट्रॅक्टरचं भाडं. आबांनी फक्त काही पिढ्या धीर धरायचा. तोवर कोळपणी आहेच. भेगा बुजल्या की ओल टिकते, म्हणून तर 'एक कोळपणी, अर्धं पाणी'. धरून ठेवलेल्या त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते.

हा उद्योग घराखाली चालला की मात्र विज्ञानाची हौस फिटते. आमच्या भिंतीला तिरपी चीर आहे. मिस्त्रीनं उन्हाळ्यात ती सिमेंटनं भरली, पावसाळ्यात दार लागेना. मिस्त्री म्हणाला, "सुताराला बोलवा." सुतार म्हणाला, "मिस्त्रीला विचारा." रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं यावर कधीच तोड काढलीय: तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब, सुमारे साडेतीन मीटर खोल, जिथं ओल फारशी बदलत नाही. घर बांधताना आजोबांना हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

यंदा मिस्त्री म्हणतो, भिंत पाडून खांब घेऊ. आजीचा सक्त विरोध. चिरेत करंगळी जाते तोवर ती कुणाला पेरू देत नाही. "भिंत पाडल्यावर पाऊस मुरला का नाही, ते कशात बघू रे?"

"मोबाइलात, आजी."

"त्याला चीर पडती का?"

मिस्त्रीनं खिशातून आपला मोबाइल काढला. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली होती.