चार लाखांचा प्रोजेक्ट

इंजिनिअरिंगच्या पोराला चार लाखांचा गेमिंग लॅपटॉप हवा असतो, तो अर्थातच प्रोजेक्टसाठी. ‘रेंडरिंग’ म्हणजे काय ते वडिलांना कळत नाही, हीच या मागणीची सर्वांत भक्कम बाजू.

खोक्यावर आरटीएक्स ५०९० छापलेलं असतं. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचंही नाव तेच. फक्त त्यात २१,७६० कोअर असतात आणि ते ५७५ वॅटपर्यंत वीज खातं. लॅपटॉपच्या चिपमध्ये कोअर १०,४९६ आणि वीज फार तर १७५ वॅट. नाव थोरल्याचं, अंगकाठी धाकट्याची. किंमत लावताना मात्र थोरल्यालाच पुढे करतात.

बॅटरी ९९ वॅट-तासांची, कारण शंभराच्या वर गेली तर विमानात न्यायला एअरलाइनची परवानगी लागते. विमानाचा योग येईल तेव्हा येवो. तूर्त गेम सुरू केला की ती तासाभरात मान टाकते. प्लग काढला तर चिपच वेग आवरता घेते. मग किलोभराच्या अडॅप्टरसकट हे ‘कुठेही न्या’ यंत्र भिंतीतल्या सॉकेटशेजारी कायमचं वस्तीला येतं.

डेस्कटॉप याहून स्वस्तात मिळाला असता आणि जास्त पळालाही असता. पण तो म्हणे हॉस्टेलवर नेता येत नाही. पोराचं कॉलेज घरापासून दोन स्टॉपवर आहे.