दिंडी गेली तंजावरला

परमुलखातली कला शिकणाऱ्याची पहिली परीक्षा गुरू घेत नाहीत, घरचे घेतात. आमच्या वाटूरची शेजारची पोर दर रविवारी फाट्यावरून एसटी पकडून जालन्याला भरतनाट्यम शिकायला जाते आणि आठवडाभर अंगणात घोटत बसते. बसते म्हणजे अर्धीच. गुडघे दोन्ही बाजूंना वळवायचे, पाठ ताठ ठेवायची आणि तळवे भुईवर आपटायचे: तेय्या तेय्, तेय्या तेय्. या अर्ध्या बैठकीला अरैमंडी म्हणतात. ओसरीवर तूर निवडणाऱ्या तिच्या आजीला हे पाहवत नाही. "बसायचं त नीट बस, नाय त उभी ऱ्हाय. हे मधीच लटकणं कशाला?" भरतनाट्यमची इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. सगळी मेख त्या मधेच लटकण्यातच तर आहे! मांड्या भरून आल्या तरी वर उठायची सोय नाही.

गावाचं म्हणणं असं, की आपलं भजन-कीर्तन सोडून हे मद्राशी खूळ कशाला? ऐकायला रास्त वाटतं. पण अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज रंगमंचावर दिसतो, तो बसवण्याचं श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना देतात, आणि त्यांना दरबारी आश्रय होता तो तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांचा. राजांनी स्वतः नाचासाठी मराठीत रचना केल्या. त्या संग्रहाचं नाव 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'; वाण्याकडे द्यायची यादी वाटावी, असं. पुढे मुंबईचे नृत्यगुरू पार्वतीकुमार त्या रचनांच्या मागे लागले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर त्याच चार भावांच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या आणि तंजावरच्या राजांची मराठी पदं त्यांनी नाचून दाखवली. तमिळ गुरूंच्या दारी गेलेल्या मराठी मुलीला तिथे मराठीच भेटली.

उलट दिशेची गोष्ट तर आमच्या जिल्ह्याच्या जास्त जवळची. समर्थ रामदासांचा जन्म 1608 मध्ये जांबचा, म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातला. त्यांच्या शिष्यांचे मठ थेट तंजावरपर्यंत पोचले आणि पाठोपाठ कीर्तनही गेलं. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं तंजावरात रंगली. ती ऐकून तिथले कृष्ण भागवतर असे भारले, की त्यांनी मराठी कीर्तनाची पद्धत आत्मसात केली. मग ओवी, साकी, दिंडी, अभंग या आपल्या चाली तमिळ हरिकथेत नेऊन बसवल्या आणि वर कर्नाटक संगीताचा साज चढवला. तमिळ हरिकथाकाराच्या हातात आजही चिपळ्या असतात. त्या वेळी कुणा तमिळ आजीने ओसरीवरून काय टोमणा मारला, याची नोंद नाही. मारला असणारच.

आता आमच्याकडे या. सप्ताहाच्या मांडवात शंभर माणसं बसलेली असताना विचारून बघा, साकी कोणती आणि दिंडी कोणती? दिंडी म्हटल्यावर सगळे पंढरपूरकडे बोट दाखवतील, आणि साकी म्हटल्यावर दोन-चार जण चपापून कीर्तनकारांकडे बघतील. वारकरी कीर्तन अभंगावर चालतं, साकी-दिंडीचा थाट नारदीय कीर्तनातला, ही सबब खरी आहे. पण मग अभंग तरी चालीवर म्हणून दाखवा म्हटलं, की पहिल्या चरणानंतर टाळच जोरात वाजू लागतात.

यात दोष कुणाचा नाही. घरात जे आहे ते उद्याही असणार, अशी आपली समजूत असते, म्हणून ते शिकायचं राहून जातं. बाहेरून आलेल्याला मात्र मात्रा मोजाव्या लागतात, उच्चार घोटावे लागतात, चुकलं की ओरडा खावा लागतो. एवढं सोसून मिळालेलं तो सहसा हरवत नाही.

तेव्हा गावकऱ्यांना विनंती एवढीच. पोर नाचतेय, नाचू द्या. आणि येत्या सप्ताहात चार पोरांना टाळकऱ्यांत उभं करून एखादा अभंग चालीसकट पाठ करून घ्या. एखादी दिंडीही शिकवा. चाल कुणालाच आठवत नसेल, तर तंजावरला चौकशी करायला हरकत नाही.