पेटीवाल्या भाऊंस खुलं पत्र

पेटीवाले भाऊ,


पत्र उघडंच पाठवतो आहे. पाकिटात घालून दिलं असतं तर तेही तुमच्या पेटीत गेलं असतं आणि वर कुलूप बसलं असतं. नाव मुद्दामच लिहीत नाही, त्याची गरजही नाही. हिंगणघाट, देवळी, सेलू, आर्वी, कुठल्याही जिनिंगच्या फिटर-खोलीत जाऊन बेंचखाली हात घाला, एक पत्र्याची पेटी लागतेच. आणि तिचा मालक हे पत्र वाचून म्हणणार, "हे त्या बाजूच्या जिनिंगवाल्याचं आहे न बाप्पा."

सर्वप्रथम अभिनंदन. मालकांनी कौतुकानं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आणलं, स्टोअरच्या प्रत्येक खणाला क्यूआरचं स्टिकर लावलं, तुम्हाला मोबाइल दिला. काम इतकंच होतं की पार्ट उचलायचा, स्टिकर स्कॅन करायचं आणि कुठल्या मशीनला लावला तो नंबर टाकायचा. तुम्ही पहिलं काम चोख केलंत. उरलेल्या दोन कामांवर तुमचं मत अख्ख्या मिलला पाठ आहे : "लिहून ठेवल्यानं काय बेअरिंग गरम नाही होत का बे?"

आता डिसेंबरमधली ती रात्र. आवारात कापसाच्या गाड्या काट्यापासून थेट रस्त्यापर्यंत लागलेल्या. शेतकरी गाडीखाली शेकोटी करू म्हणत होते आणि चौकीदार त्यांना हात जोडत होता, कारण जिनिंगच्या आवारात ठिणगीला माफी नसते. रात्रपाळीत रुई वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरचं टोकाचं बेअरिंग करकरायला लागलं. मग ग्रीस जळल्याचा वास आला. रुईच्या धुळीत तापलेलं बेअरिंग म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. कन्व्हेयर थांबवला आणि त्याच्यामागे सरकी काढणारे सगळे रेचे थांबले.

बेअरिंग कुठलं? ६२०५. आतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, रुंदी १५. स्कूटरपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत कुठेही सापडावं इतकं साधं. मी संगणक उघडला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत : शिल्लक ६. खणापाशी गेलो. स्टिकर जागच्या जागी होतं, त्याखाली एक वायर-ब्रश आणि तंबाखूची रिकामी पुडी. तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही साळ्याच्या लग्नात यवतमाळला आणि मागे बँड वाजत होता. सकाळी गाडी नागपूरला गेली, बाजार उघडायची वाट पाहिली, दुपारी कन्व्हेयर फिरला. तोवर रांगेतल्या दोघांनी गाड्या वळवून दुसऱ्या जिनिंगला नेल्या होत्या.

तुम्ही परत आलात आणि ऐटीत पेटी उघडलीत. सहाच्या सहा बेअरिंगं आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हणजे सॉफ्टवेअर अगदी खरं बोलत होतं. मिलमध्ये सहा होती. त्याला बिचाऱ्याला फक्त तुमच्या बेंचखालचा पत्ता माहीत नव्हता. तुमचा खुलासा तर त्याहून खरा : "माह्या पेटीत म्हंजे मिलमंधीच आहे न जी. घरी थोडी नेलं?"

नाही नेलंत, हे शंभर टक्के मान्य. चोर म्हणत नाही तुम्हाला. चोर बरा, भाऊ. त्यानं नेलेला माल वार्षिक मोजणीत कमी भरतो आणि नवा मागवता येतो. तुमचा माल कमीही भरत नाही आणि कामीही येत नाही.

खरेदीवाल्यांचं एक कोष्टक असतं. कुठल्या वस्तूत पैसा किती अडकतो त्यावरून अ, ब, क असे वर्ग पाडतात. त्या हिशेबात ६२०५ अगदी तळाच्या 'क' वर्गात बसतं, साहेब लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. पण दुसरं एक कोष्टक आहे, वस्तू नसली तर काय थांबतं याचं. त्यात तेच बेअरिंग सगळ्यात वर जातं, चामड्याच्या महागड्या रोलरच्याही वर. एका रेच्याचा रोलर झिजला तर तो एक रेचा मंदावतो. कन्व्हेयर थांबला तर सगळेच थांबतात. तुमचं कौतुक असं की हे दुसरं कोष्टक तुम्हाला न शिकता येतं. तुमच्या पेटीत रोलर कधी सापडला नाही, चाकू सापडला नाही. निवडून निवडून तेच, ज्याच्यावाचून अडतं!

सॉफ्टवेअर नवी खरेदी कधी सुचवतं, तेही सांगून टाकतो. रोजचा वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा. शिल्लक त्या आकड्यावर आली की ते मागणी काढतं. तुम्ही सहा उचलून नोंद केली नाही, म्हणजे त्याच्या लेखी वापर शून्य आणि शिल्लक सहा. ते कशाला मागवेल? त्यात आपला धंदा हंगामी. समजा वर्षाला ६० बेअरिंगं लागतात आणि माल यायला १० दिवस. ३६५ दिवसांवर वाटली तर त्या दहा दिवसांसाठी दोनसुद्धा लागत नाहीत असं उत्तर येतं. पण दिवाळीनंतर कापूस येतो तो मार्च-एप्रिलपर्यंत. रेचे दीडशे दिवस फिरतात असं धरलं तर त्याच दहा दिवसांना चार लागतात. हे वाटणीचं गणित ज्या शहाण्यानं भरलं तो तुम्ही नव्हे, हे नमूद करतो. त्याला वेगळं पत्र लिहीन.

आणि वस्तूंची नावं भरणाऱ्या पोरालाही. त्यानं हेच बेअरिंग चार नावांनी चढवलंय : एकदा इंग्रजी आकड्यांत, एकदा मराठी आकड्यांत, एकदा 'कन्व्हेयर बेरिंग', आणि एकदा 'छोटी बेरिंग'. पत्र्याच्या झाकणाचं कुठलं आणि रबरी सीलचं कुठलं, हे तर कुठेच नाही. रुईच्या बारीक तंतूंत सीलवालं टिकतं, हे तुम्ही मला सांगितलंत. संगणकाला सांगितलं असतं तर आभार मानले असते.

पण खरा घाटा निराळाच आहे. तुम्ही मशीनचा नंबर टाकत नाही. अकरा नंबरचा रेचा बेअरिंगं खातो असं सगळे म्हणतात, तुम्हीसुद्धा. किती खातो? किती दिवसांनी? डावीकडचं की उजवीकडचं? उत्तर तुमच्या डोक्यात आहे आणि डोक्याला स्टिकर लावता येत नाही. नोंद असती तर एका हंगामात दिसलं असतं की दोष बेअरिंगचा नाही, शाफ्ट वाकडा आहे नाहीतर पट्टा जास्त ताणलाय. आता तुम्ही दर वेळी नवं बसवता, शाबासकी घेता आणि अकरा नंबर पुढच्या घासाची वाट बघतो.

या सगळ्यावर तुमचं ब्रह्मास्त्र ठरलेलं : "शकुंतला कोणत्या साफ्टवेअरवर चालली?" खरंय. आपली पुलगाव-आर्वी काय आणि पलीकडची यवतमाळ-मूर्तिजापूर काय, ही शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडी ओढून नेणाऱ्यांनी कमाल केली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत यवतमाळच्या रुळांवर धावलं. पण भाऊ, रेल्वेत भांडार नावाचं खातं असतं, हे तुम्ही सोयीनं विसरता. माल आला की नोंद, गेला की नोंद, खणाला टांगलेलं कार्ड वेगळं आणि खतावणी वेगळी. त्याच कार्डाला आता वीज लागते, एवढाच फरक.

आणि आपण राहतो कुठे? १९३६ साली गांधीजी ज्या जिल्ह्यातल्या सेवाग्रामला मुक्कामाला आले, तिथे. त्याआधी १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं, त्याच्या अटी वाचा कधी. चरखा १५० रुपयांच्या आत बसावा, वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालावा, आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. तरी यंत्र घेतानाच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मांडणारा माणूस होता तो. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय आहे, अपरिग्रहही आहे. दोन्ही व्रतं एकाच पेटीत मोडण्याचा मान मात्र तुमचा. वर विचारलं तर म्हणाल, मी मालक नाही, विश्वस्त आहे!

आता तुमची बाजू. ती आहे, आणि मला माहीत आहे. मागे एका हंगामात पट्टे संपले होते. मागणी मालकांच्या मोबाइलवर मंजुरीसाठी पडून राहिली आणि शिव्या तुम्ही खाल्ल्या. त्या दिवशी पेटीला कुलूप आलं. पतसंस्था बुडणार अशी हवा झाली की सगळे ठेवी काढायला धावतात आणि धडधाकट संस्थाही बुडते, तसं हे आहे. स्टोअर रिकामं पडतं म्हणून तुम्ही भरून ठेवता, आणि तुम्ही भरून ठेवता म्हणून ते रिकामं पडतं. फरक इतकाच की ठेवीदाराला निदान पावती तरी मिळते.

शिवाय पेटीतलं टिकतंय असंही नाही. परवा तुमच्यासमोरच वर्तमानपत्र सोडलं तेव्हा दोन बेअरिंगांवर गंज होता. ऑइल सील बोटानं दाबलं तर वाळल्या पापडासारखं मोडलं. रबराला वय असतं. म्हणून आधी आलेलं आधी बाहेर काढायचं असतं. तुमच्या पेटीत शेवटी टाकलेलं वर राहतं आणि तळातलं थेट भंगारात जातं.

तर विनंती अशी. खंडेनवमीला पाने-पकडी, हातोडे पूजेला मांडतो, त्यांच्या शेजारी यंदा पेटीही मांडा, उघडी. हळदकुंकू झालं की एकेका वस्तूला स्टिकर लावू. 'कुठून आलं' हा रकाना कोरा सोडायचं मालकांकडून कबूल करून घेतलंय. रात्रपाळीसाठी तुमच्याच खोलीत एक उघडी मांडणी देतो : ६२०५ दोन, पट्टे दोन, सील चार. सॉफ्टवेअरमध्ये तिची जागा 'फिटर-खोली' अशी वेगळी घातली आहे. साठा तुमच्या हाताशी राहील, फक्त पडद्यावर दिसेल. मंजुरीचंही बोलणं झालंय. ज्याच्यावाचून लाइन थांबते त्या वस्तूंना मालकांच्या मोबाइलची वाट पाहायची नाही, मागणी थेट जाईल. लेखी घेतलंय, प्रत सोबत जोडतो. पेटीत टाकू नका.

आपला,
स्टोअरवाला

ता. क. : पेटीच्या तळाशी एक पितळी बुश मिळालं आहे, बाहेरून खाच असलेलं. आपल्या एकाही मशीनला बसत नाही आणि नागपूरच्या दुकानदारानंही मान हलवली. हे कशाचं आहे ते कळवा, नाव भरायचं अडलंय.